दिवसभर बेसबँड लावत होते म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझी मुलगी पुण्याजवळच्या एका कंपनीत गाड्यांमध्ये बसवायच्या स्थानयंत्रांची चाचणी करते. परवा उशिरा घरी आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, आज सगळा दिवस बेसबँड लावण्यात गेला.’’ तिच्या टेबलावर सिग्नल जनरेटर नावाचं एक महागडं यंत्र असतं, एवढं मला ठाऊक आहे. वारंवारता टाकायची, बटण दाबायचं, लहर बाहेर पडणार. मग दिवस कशात जातो?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, चिंचवड

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या कामाला खरोखरच अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. ‘फ्रिक्वेन्सी’ दाबून ११७६.४५ टाकायचे, मेगाहर्ट्झची कळ दाबायची, ‘लेव्हल’मध्ये आकडा भरायचा आणि ‘आरएफ ऑन’. बाहेर पडते ती एकसुरी लहर. तिच्यात निरोप काहीच नसतो. रिसीव्हरच्या दृष्टीने ती नुसती कटकट. तो वाट पाहत असतो ती या लहरीवर चढवलेल्या मजकुराची : ठरावीक अंक, ठरावीक वेग, ठरावीक घाट. वाहक लहरीवर चढण्याआधी शून्य हर्ट्झच्या आसपास वावरणारा हा मजकुराचा सिग्नल म्हणजे बेसबँड. जनरेटरमध्ये वाहक लहर आयती मिळते. बेसबँड मात्र सांगून करून घ्यावा लागतो, आणि यंत्र सांगाल ते अक्षरशः करते. चुकीचे सांगितले तर चूकही तितक्याच अचूकपणे करते.

तुमच्या मुलीचे क्षेत्र गाड्यांचे आहे, म्हणून उदाहरण नाविकचेच घेतो. सार्वजनिक वाहतुकीच्या गाड्यांमधल्या स्थानयंत्रांसाठी एआयएस-१४० हे मानक आहे. ते पुण्याच्याच एआरएआयने प्रसिद्ध केले असून त्यात नाविकचा आधारही अपेक्षित आहे. नाविक ही इस्रोची उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी उडाला आणि मूळ रचना ७ उपग्रहांची आहे. सर्वांसाठी खुला असलेला तिचा सिग्नल एल-५ पट्ट्यात ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आणि एस पट्ट्यात २४९२.०२८ मेगाहर्ट्झवर येतो. हे आकडे विचित्र वाटतात खरे, पण पहिल्याला १.०२३ ने भागा, बरोबर ११५० येतील. दुसऱ्याला भागा, २४३६ येतील. १.०२३ हा संकेताचा वेग आहे, सेकंदाला १० लाख २३ हजार ‘चिप’. वाहक आणि संकेत एकाच घड्याळाच्या पूर्ण पटीत बांधलेले आहेत. हा ११५० लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला छळणार आहे.

आता बेसबँडचे पान उघडू. प्रत्येक उपग्रहाचा स्वतःचा १०२३ चिपचा संकेत असतो आणि तो दर मिलिसेकंदाला एकदा पुरा होतो. त्यावर संदेशाची चिन्हे बसतात, सेकंदाला ५०. म्हणजे एका चिन्हाच्या पोटात संकेताची २० आवर्तने. ६०० चिन्हांची एक उपचौकट होते आणि ती १२ सेकंद चालते. अशा चार मिळून ४८ सेकंदांची मुख्य चौकट. प्रत्येक उपचौकटीच्या सुरुवातीला १६ बिटांची ठरलेली खूण असते : १११० १०११ १००१ ००००. संगणकाच्या भाषेत ईबी९०. ती सापडल्याशिवाय रिसीव्हरला संदेश कुठे सुरू होतो ते कळत नाही.

जनरेटर हा सिग्नल दोन धारांमध्ये मागतो, आय आणि क्यू. आय धारेने वाहकाच्या कोसाइन लहरीला गुणायचे, क्यू धारेने ९० अंश मागे-पुढे असलेल्या साइन लहरीला, आणि दोघांचा मेळ घालून बाहेर पाठवायचे. या दोन आकड्यांच्या जोडीने लहरीची उंची आणि कला दोन्ही हव्या तशा वाकवता येतात. आजचे बहुतेक डिजिटल रेडिओ याच जोडीवर चालतात. नाविकचा खुला सिग्नल त्या मानाने साधा. चिप शून्य असेल तर आय अधिक एक, चिप एक असेल तर उणे एक, क्यू कायम शून्य. पडद्यावर नक्षत्राचा आलेख लावला की आडव्या रेषेवर दोनच ठिपके दिसतात.

इतके सोपे असेल तर दिवस का जातो? कारण रिसीव्हर एका दमात ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणत नाही. तो पायऱ्या चढतो : आधी संकेत पकडतो, मग चिन्हांच्या कडा ओळखतो, मग ईबी९० शोधतो, मग संदेश वाचतो. प्रत्येक पायरीवर अडखळण्याचे कारण वेगळे, आणि दर वेळी प्रश्न तोच उभा राहतो : खोट रिसीव्हरची की आपल्या जनरेटरच्या मांडणीची? माझ्या मते बेसबँड लावणे या कामाचा खरा ऐवज हाच आहे. सिग्नल तयार करणे हा त्यातला छोटा भाग. रिसीव्हरकडे बोट दाखवण्याआधी स्वतःवरचा संशय फेडून टाकणे हा मोठा.

डेटाचे साधे उदाहरण घ्या. जनरेटरमध्ये ‘डेटा सोर्स’ असा एक रकाना असतो : सगळे शून्य, सगळे एक, आपली फाइल, नाहीतर ‘पीएन-९’. हा शेवटचा म्हणजे ५११ बिटांनी पुन्हा तोच येणारा, दिसायला बेशिस्त क्रम. बिट-चुका मोजायच्या चाचण्यांना तो फार सोयीचा, म्हणून पुष्कळदा आधीच्या माणसाने तोच लावून ठेवलेला असतो. तो तसाच राहिला तर गंमत होते. संकेत बरोबर आहे, म्हणून रिसीव्हर उपग्रह पकडतो. सिग्नलची ताकद छान दाखवतो. चिन्हांच्या कडाही त्याला सापडतात. आणि मग तो ईबी९० शोधत बसतो, बसतो, बसतोच. नवखा माणूस रिसीव्हरचे सॉफ्टवेअर उघडून बघायला लागतो. जाणता माणूस आधी डेटाचा रकाना बघतो.

याच्या उलट एक चूक रिसीव्हर स्वतःच पोटात घालतो. शून्याला अधिक आणि एकला उणे म्हणायच्या ऐवजी कुणी उलटे केले, तर सगळा संदेश पालथा होतो. पण अशा दोन-ठिपक्यांच्या सिग्नलमध्ये कला १८० अंशांनी उलटी लागण्याची शक्यता मुळातच असते, म्हणून रिसीव्हर सुलटी आणि उलटी अशा दोन्ही खुणा शोधतो आणि उलटी सापडली की पुढचे सगळे फिरवून घेतो. संदेशावरच्या संरक्षक संकेताची गोष्ट वेगळी. मूळ संदेश सेकंदाला २५ बिटांचा. त्याला दुप्पट करून ५० चिन्हे केलेली असतात, म्हणजे वाटेत काही बिट बिघडले तरी मूळ संदेश परत काढता येतो. फाइलमध्ये हे काम आधीच झालेले आहे की जनरेटर करणार आहे, हे नक्की हवे. दोघांनीही केले किंवा दोघांनीही नाही केले, तर खूण सापडते आणि आतला मजकूर मात्र कचरा निघतो. इथे यंत्र काही कुरकुर करत नाही, कारण त्याच्या लेखी ते सगळे वैध अंकच.

आता फाइल. जनरेटरला स्वतःला नाविक येत नसेल, तर संगणकावर आय-क्यूचे नमुने तयार करून त्याच्या स्मृतीत चढवायचे आणि गोल गोल वाजवायचे. प्रयोगशाळेत याला ‘आर्ब’ म्हणतात. एका चिपला चार नमुने धरले तर सेकंदाला ४० लाख ९२ हजार नमुने. पूर्ण ४८ सेकंदांच्या चौकटीला १९ कोटी ६४ लाख १६ हजार. प्रत्येक नमुन्यात आयचे दोन आणि क्यूचे दोन बाइट, म्हणजे फाइल सुमारे ७८६ मेगाबाइटची. चिपला दहा नमुने घ्यायचे ठरवले तर दोन गीगाबाइटच्या घरात. जुन्या जनरेटरांची स्मृती इथेच हात वर करते. मग लोक एक मिलिसेकंदाचाच तुकडा वाजवतात : संकेत आहे, संदेश नाही. रिसीव्हर किती क्षीण सिग्नल पकडतो एवढेच बघायचे असेल तर तेवढे पुरते.

फाइल चढवताना एक जुनी खोड आडवी येते. १६ बिटांचा आकडा दोन बाइटांत मावतो, पण आधी मोठा बाइट की आधी छोटा, यावर यंत्रे बनवणाऱ्यांचे कधी एकमत झाले नाही. काही घराण्यांची यंत्रे मोठा आधी मागतात, काही छोटा आधी. चुकीच्या क्रमाने चढवली तर फाइलची लांबी बरोबर, वेग बरोबर, चूक म्हणून काहीच दाखवले जात नाही, आणि बाहेर पडतो तो जवळजवळ शुद्ध गोंगाट. असे झाले की रिसीव्हरपाशी जाऊच नये. जनरेटर आधी स्पेक्ट्रम ॲनालायझरला जोडावा, लेव्हल उणे ३० डीबीएमपर्यंत वर न्यावी आणि आकार बघावा. सिग्नल खरा असेल तर मध्ये गोल माथ्याचा उंचवटा दिसतो, केंद्रापासून दोन्ही बाजूंना १.०२३ मेगाहर्ट्झवर खोल खाचा पडतात आणि खाचांच्या पलीकडे साधारण १३ डीबी बुटके खांदे. उंचवट्याच्या बरोबर मधोमध सुईसारखा काटा दिसला तर समजावे की आय धारेत कुठेतरी एकदिश अंश शिरला आहे किंवा वाहक गळतो आहे. खाचाच नसतील तर बाइटांचा क्रम तपासावा. या एका तपासणीत निम्मा संशय फिटतो, तरी ती टाळून थेट रिसीव्हर जोडणारे फार. (तपासणी झाली की लेव्हल खाली आणायला विसरू नये, हे सांगावे लागते यातच सगळे आले.)

गोल गोल वाजवण्याचीही एक अडचण आहे. ४८ सेकंद संपले की फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संदेशाच्या प्रत्येक उपचौकटीत आठवड्यातली वेळ लिहिलेली असते, १२ सेकंदांच्या मापाने. त्यामुळे रिसीव्हरला दिसते की काळ चार पावले पुढे गेला आणि मग अचानक मागे आला. प्रामाणिक रिसीव्हर अशा उपग्रहावर अविश्वास दाखवतो, आणि तो दाखवायलाच हवा. स्थान काढायची चाचणी असेल तर म्हणूनच संदेश जागच्या जागी पुढे लिहीत जाणारा जनरेटर लागतो. प्रत्यक्ष-वेळ पद्धत म्हणतात ती हीच. शिवाय स्थान निघायला किमान चार उपग्रह लागतात, एका फाइलमधला एकच उपग्रह काहीही केले तरी जागा सांगणार नाही.

आणि आता तो ११५०. उपग्रह आणि रिसीव्हर यांच्यातले अंतर बदलत असले की वाहकाची वारंवारता डॉप्लरमुळे सरकते. त्याबरोबर संकेताचा वेगही त्याच प्रमाणात सरकतो, कारण दोघे एकाच घड्याळाला बांधलेले. वाहक ११५० हर्ट्झ वर सरकला तर संकेत सेकंदाला बरोबर एका चिपने वेगवान व्हायला हवा. चाचणी करणारा माणूस वाहकाचा रकाना बदलतो आणि संकेताचा विसरतो. रिसीव्हर वाहकाकडे बघून संकेताचा अंदाज बांधत असतो, अंदाज आणि प्रत्यक्ष दर सेकंदाला एक चिप फाटत जातात आणि थोड्याच वेळात पकड सुटते. एक चिप म्हणजे अंतरात २९३ मीटर, हे लक्षात घेतले की रिसीव्हरची कीव येते.

एकाच उपग्रहासाठी यावर एक सुरेख युक्ती आहे : बेसबँडला हात न लावता वाहकाच्या रकान्यात ११७६.४५११५० मेगाहर्ट्झ टाकायचे आणि नमुन्यांच्या घड्याळात ४०,९२,००० ऐवजी ४०,९२,००४ टाकायचे. दोन्ही हातात हात घालून सरकतात, फाइल तीच राहते आणि गोलाकार वाजताना सांध्यावर झटका बसत नाही, कारण वाहक जनरेटरच्या आरएफ भागात अखंड वाहतो आहे. हाच डॉप्लर फाइलमध्ये कोरायला गेलात तर फसता. संकेत किंचित वेगवान झाल्यामुळे पूर्ण चौकट ४८ सेकंदांच्या जराशी आधीच संपते. तेवढ्या वेळात डॉप्लरची ५५,२०० आवर्तने पुरी होत नाहीत, शेवटचे थोडे अपुरे राहते. दर फेरीला कलेत सुमारे १९ अंशांचा झटका बसतो. रिसीव्हरच्या नोंदवहीत दर ४८ सेकंदांनी एक अडखळ दिसू लागली की जाणकार लगेच म्हणतात, ‘‘लूप बघ आधी.’’ पण सात उपग्रह, सातांचा डॉप्लर वेगळा, असे असेल तेव्हा वरची युक्ती कामाची नाही. सगळे बेसबँडमध्येच कोरावे लागते.

याच वेळी आणखी एक दडलेली चूक वर येते. आय आणि क्यू यांची अदलाबदल झालेली असेल, फाइलमध्ये किंवा मेनूतल्या ‘आय-क्यू स्वॅप’ या खुणेमुळे, तर एका स्थिर उपग्रहाच्या चाचणीत ते कधीच कळत नाही. क्यू शून्यच होता, अदलाबदलीने सगळे फक्त ९० अंशांनी फिरले, रिसीव्हरला काय त्याचे. बेसबँडमध्ये डॉप्लर आला की मात्र आरसा लागतो : अधिक ११५० हर्ट्झ उणे ११५० होतात, संकेत मात्र वेगवानच राहतो. उपग्रह एकाच वेळी जवळ येतोय आणि दूर जातोय, असा तो देखावा. आठवडाभर सुरळीत चाललेली मांडणी ‘‘काल तर चालत होती’’ या वाक्यावर येऊन थांबते ती पुष्कळदा इथे.

राहिली लेव्हल. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात रंजक भाग वाटतो. जमिनीवर एल-५चा खुला सिग्नल किमान उणे १२९ डीबीएमच्या आसपास पोचतो. एका वॅटचे दहा हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला जेमतेम सव्वा भाग. दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला नैसर्गिक उष्ण गोंगाट उणे १११ डीबीएमचा, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या साठपटींहून अधिक खाली. रिसीव्हर १०२३ चिप एकत्र जुळवून ३० डीबी कमावतो आणि मगच सिग्नल गोंगाटाच्या वर डोके काढतो. जनरेटरला इतक्या खाली अचूक राहणे अवघड जाते, म्हणून बाहेर ३० डीबीचा अटेन्युएटर लावतात आणि जनरेटर उणे ९९ वर चालवतात. मेनूत ‘लेव्हल ऑफसेट’ उणे ३० टाकले की पडदा थेट रिसीव्हरपाशी पोचणारी लेव्हल दाखवतो. सोयीचे आहे. पुढच्या पाळीचा माणूस अटेन्युएटर काढून नेतो आणि ऑफसेट तसाच राहतो, तेव्हा सोय संपते.

यासाठी एक पडताळा हाताशी ठेवावा. उणे १२९ मधून दर हर्ट्झचा उणे १७४ हा गोंगाट वजा केला की ४५ उरतात. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट दोनेक डीबी धरला तर त्याच्या पडद्यावर सिग्नल-गोंगाटाचा आकडा ४३ च्या जवळपास दिसला पाहिजे. ४९ दिसला तर खूश होऊ नका. एक तर लेव्हल चुकली आहे किंवा जनरेटरच्या पेटीतून, सैल कनेक्टरमधून सिग्नल हवेतून गळून रिसीव्हरमध्ये शिरतो आहे. म्हणून तर या चाचण्या धातूच्या बंद पेटीत करतात.

सात उपग्रह एका फाइलमध्ये घातले की लेव्हलचा अर्थच बदलतो. पडद्यावरचा आकडा सगळ्यांचा मिळून. उणे १२९ ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला उणे १३७.५ येतात. एका पातेल्यातला चहा सात कपांत. आणि सात सिग्नल कधी एकाच दिशेने जुळले की बेरीज सातपट चढते. नमुन्यातला आकडा उणे ३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्यातच मावतो. बेरीज त्याच्या वर गेली आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लक्ष दिले नाही, तर आकडा टोकावरून पलटून थेट विरुद्ध टोकाला जातो. बरे, बेरीज मापात बसवली तरी पुरत नाही. जनरेटर दोन नमुन्यांच्या मधली लहर स्वतः भरतो आणि ती भरताना माथा नमुन्यांपेक्षा उंच जाऊ शकतो. त्यासाठी फाइल ७० टक्क्यांच्या आसपास आकसून ठेवण्याची पद्धत आहे. मोबाइलच्या ४जी-५जी सिग्नलमध्ये तर सरासरी आणि शिखर यांत १० ते १२ डीबीचा फरक असतो, म्हणून तिथले जनरेटर लेव्हल आणि शिखर-शक्ती असे दोन आकडे शेजारी दाखवतात. दुसऱ्याकडे न बघता काम करणाऱ्याचा ॲम्प्लिफायर दबतो आणि तो दोष मोबाइलला देतो.

एल-५ आणि एस असे दोन्ही पट्टे एकदम तपासायचे तर दोन जनरेटर लागतात. त्यांच्या मागच्या बाजूने १० मेगाहर्ट्झची संदर्भ-लहर एकाकडून दुसऱ्याकडे नेतात, सुरुवात मिळून व्हावी म्हणून ट्रिगरची केबल जोडतात. एक मीटर केबल साधारण ५ नॅनोसेकंद खाते, म्हणजे अंतरात दीड मीटर. केबल बदलली की आकडेही बदलले पाहिजेत.

आणि हे सगळे जमले तरी एक छोटी धातूची नळी राहून गेली तर दिवस वाया जातो. बहुतेक रिसीव्हर अँटेनाच्या तोंडातून ३ किंवा ५ व्होल्ट बाहेर ढकलतात, कारण खऱ्या अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला वीज हवी असते. मध्ये ‘डीसी ब्लॉक’ लावला नाही तर हे व्होल्ट थेट जनरेटरच्या तोंडात जातात. तुमची मुलगी हात धुवायच्या आधी ती नळी जागेवर आहे का बघत असेल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यांचा जुना सिग्नल जनरेटर अजून चालतो. ४५५ किलोहर्ट्झ लावला की रेडिओतून शिट्टी येते. यातही बेसबँड असतो का?
— सांगलीहून एक वाचक

उत्तर : असतो, आणि तुम्ही तो कानाने ऐकताच आहात. ती शिट्टी बहुधा ४०० हर्ट्झची असेल. जुन्या जनरेटरांत ती आतच तयार होते आणि साधारण ३० टक्के खोलीने वाहकावर चढवलेली असते. तुमच्या वडिलांच्या काळी बेसबँड हा एवढाच : एक सूर. तो ‘लावायचा’ म्हणजे एक खटका ‘मॉड्युलेशन’कडे सरकवायचा. मग आयएफ ट्रान्सफॉर्मरची गाभ्याची सळी न घासणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने फिरवत शिट्टी सर्वात मोठी होईल तिथे थांबायचे. रिसीव्हर बरोबर लागला की नाही हे कान सांगत असे. दुरुस्तीच्या कामाला तो जनरेटर आजही पुरेसा आहे, विकू नका. डिजिटल रिसीव्हरसमोर मात्र त्याचा उपयोग एवढाच की हा उपटसुंभ सूर आल्यावर रिसीव्हर बावरतो की नाही ते बघायचे. तीही एक चाचणीच आहे म्हणा.

प्रश्न : नाविकचा सिग्नल प्रयोगशाळेत असा बनवता येतो, तर कॉलेजच्या गच्चीवर अँटेना लावून विद्यार्थ्यांना मोकळ्या मैदानात प्रात्यक्षिक का देत नाहीत? आमच्या प्राध्यापकांनी साफ नकार दिला.
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : प्राध्यापकांचे बरोबर आहे. वर दिलेले आकडे पुन्हा बघा. खरा सिग्नल गोंगाटाच्याही कितीतरी खाली असतो, त्यामुळे जनरेटरला त्याच्यावर मात करायला कसलीही ताकद लागत नाही. एका मिलिवॅटच्या अगदी नगण्य भागानेही आवारातल्या आणि रस्त्यावरच्या रिसीव्हरना खोटे स्थान आणि खोटी वेळ पाजता येते. त्यांना ते खोटे आहे हे कळतही नाही. शिवाय एल-५ हा पट्टा विमानांच्या मार्गदर्शनासाठी राखलेल्या भागात आहे. विमानांचे अंतर मोजणारी डीएमई यंत्रणाही त्याच परिसरात, ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झमध्ये काम करते. अशा पट्ट्यात विनापरवाना प्रक्षेपण हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी करू नये.

प्रात्यक्षिक केबलनेही तितकेच चांगले होते. जनरेटर, डीसी ब्लॉक, अटेन्युएटर, रिसीव्हर, आणि रिसीव्हर बंद पेटीत. तुलनेसाठी गच्चीवर फक्त ऐकणारी अँटेना लावून तिची केबल खाली आणा. आकाशातला खरा उपग्रह आणि तुमचा बनवलेला उपग्रह एकामागून एक त्याच रिसीव्हरला द्या आणि दोघांचे आकडे शेजारी लिहा. २९ मे २०२३ रोजी उडालेल्या एनव्हीएस-०१पासून नाविक १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल-१ पट्ट्यातही आला आहे. तिथला बेसबँड मात्र दोन ठिपक्यांइतका सरळ नाही. एल-५ हातात बसल्यावर तिकडे वळा.